‘ऐंशीच्या खाली चालवा’ म्हणे!

सोलापुरात चारचौघांत एकदा म्हणून बघा, ‘माझी गाडी नव्वदच्या पुढे थरथरते.’ मिनिटभरात सहा सल्ले मिळतील आणि प्रश्न एकही विचारला जाणार नाही. लग्नाच्या पंगतीत म्हणा, मोहोळच्या अलीकडे चहाच्या टपरीवर म्हणा, कॉलनीतल्या गणपतीच्या मांडवात म्हणा. सल्ले तेच, त्यांचा क्रमही तोच. पहिला म्हणतो, ‘मग ऐंशीच्या खाली चालवा की.’ दुसरा म्हणतो, ‘रस्ताच तसा आहे हो.’ तिसरा, ‘अलाइनमेंट करून टाका.’ चौथ्याला गाडीतलं कळतं अशी ख्याती असते. तो डोळे बारीक करून ‘सस्पेन्शन गेलं’ एवढंच बोलतो. पाचव्याचा भाचा पुण्यात मोटारीच्या कारखान्यात असतो, म्हणून तो म्हणतो, ‘स्कॅनर लावा, कॉम्प्युटर सगळं सांगतो.’ आणि सगळ्यांत शेवटी एक ज्येष्ठ, पानाला चुना लावता लावता, ‘जुनी गाडी आहे, हलायचीच.’

या सहा जणांशी माझं भांडण आहे. माणसं भली आहेत, वेळप्रसंगी गाडीला धक्का मारायला हीच येतात. पण त्यांच्या सल्ल्यांनी मला साडेनऊ हजारांना बुडवलं आणि त्याहून वाईट म्हणजे तीन महिने एका हलत्या गाडीत बायकामुलांना घेऊन मी पुण्याच्या फेऱ्या केल्या. ‘चालायचंच’ या एका शब्दाच्या भरवशावर.

हकीकत थोडक्यात अशी. माझी छोटी गाडी, नऊ वर्षांची. शहरात, अक्कलकोटला, तुळजापूरच्या घाटात कधी कुरकूर नाही. दिवाळीच्या सुमारास पुण्याला निघालो. केगावचं विद्यापीठ मागे पडलं, सावळेश्वरचा टोलनाका ओलांडला, काटा नव्वदला टेकला आणि गाडी थरथरू लागली. परत आल्यावर एका वर्कशॉपमध्ये नेली. ‘साहेब, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करू.’ केलं. बॅलन्सिंग फक्त पुढच्या दोन चाकांचं. मागच्यांना काय गरज, असं उत्तर. थरथर तशीच. मग लिंक रॉड बदलले. थरथर तशीच. मग इंजिनाचं माउंटिंग बदललं. गाडी उभी असताना इंजिन मऊ वाटायला लागलं खरं, पण सावळेश्वरच्या पुढे पुन्हा तेच. शेवट काय झाला ते मागाहून सांगतो; आधी सल्लागारांकडे वळू.

‘ऐंशीच्या खाली चालवा’ हा सल्ला सगळ्यांत शहाणा दिसतो आणि सगळ्यांत घातक आहे. जिना चढताना छातीत दुखतं म्हणून गेलेल्या माणसाला ‘मग तळमजल्यावर राहा’ असं सांगणाऱ्या डॉक्टरला आपण किती फी देऊ? इथे मात्र हेच वाक्य अनुभवाचे बोल म्हणून ऐकून घेतलं जातं. मी जोरात चालवावी की नाही हा मुद्दाच नाही. मी सावकाशच चालवतो. प्रश्न हा आहे की नव्वदला जे जाणवतं, ते सत्तरला नसतं का?

असतं. थोडा हिशेब करू. वैतागलेल्या माणसाला हिशेबासारखा आधार नाही. छोट्या गाडीचं चौदा इंची रिमचं चाक एका फेऱ्यात दोन मीटरला थोडं कमी अंतर कापतं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला चौदा फेरे घेतं. या चाकाच्या रिमला एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त असलं, तर १०० च्या वेगाला ते ३० ग्रॅम चाकाला साधारण साडेचार किलोच्या जोराने बाहेर खेचतात. वर, पुढे, खाली, मागे, पुन्हा वर. सेकंदाला चौदा वेळा. वेग निम्मा केला तर हा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून ५० ला तो किलो-सव्वा किलोवर येतो आणि तुमच्या बुडाला कळत नाही. दोष गेला नाही, फक्त तुमच्या नजरेआड झाला. जे बेअरिंग, जे बुश, जो टायर हा मार खातो, त्याच्या नजरेआड तो होत नाही. ऐंशीच्या खाली चालवणं हा दुरुस्तीचा उपाय असेल तर डोळे मिटणं हा मोतीबिंदूचा उपाय आहे.

याच पंथाची एक उलटी शाखा आहे. ती म्हणते, ‘काय बे, एकशे दहाला ने की, जाते आपोआप.’ गंमत म्हणजे बऱ्याचदा जातेही! मग हा माणूस विजयी मुद्रेने तुमच्याकडे बघतो. पण का जाते? टायरची लवचीक हवा एका बाजूला आणि सस्पेन्शनची स्प्रिंग दुसऱ्या बाजूला, यांच्यामध्ये चाक टांगलेलं असतं. त्याला स्वतःचा एक झोका असतो, सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांचा. झोपाळ्याला बरोबर त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो. लय चुकली की तेवढाच धक्का वाया जातो. नव्वद-शंभरला चाकाचे फेरे आणि हा झोका जुळतात, म्हणून गाडी नाचते. एकशे दहाला लय सुटते, म्हणून थरथर कमी वाटते. पण ३० ग्रॅमचा जोर? तो वेगाच्या वर्गाने वाढतच असतो. जाणवतं कमी, मार बसतो जास्त. आणि आमचे मित्र म्हणतात, गेली!

हे सगळं वजनाच्या चुकीपुरतं असतं तर मी इतका चिडलो नसतो. पण नव्वदला थरथरणारी गाडी कधी कधी सांगत असते की टायरच्या आतला पट्टा रबरापासून सुटायला लागलाय, किंवा खड्ड्यात आपटून बाजूचे धागे तुटलेत आणि तिथे फुगा आलाय. सोलापूरचा मे महिना, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, खालचं डांबर त्याहून तापलेलं, गाडीत पाच माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान. अशा वेळी फुगा आलेला टायर ऐंशीला फुटत नाही असं लिहून देणारा सल्लागार मला भेटायचाय. समृद्धी महामार्गावर घासून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या वेशीवरच अडवायची मोहीम परिवहन खात्याला काढावी लागली, ती काय हौस म्हणून? त्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर १२० ची मुभा आहे आणि आपले टायर मात्र गावातल्या चाळिसाच्या सवयीचे. टायरच्या अंगावर लंबगोलात त्याच्या जन्मतारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडीचा नंबर पसंतीचा मिळावा म्हणून हजारो रुपये मोजणाऱ्या किती जणांनी हे चार आकडे कधी वाचलेत?

आता रस्तावाले. यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करतो: आपल्याकडच्या खड्ड्यांबद्दल कितीही वाईट बोललं तरी ते कमीच. पण खड्डा हे थरथरीचं कारण असू शकतं, सबब नव्हे. खड्ड्याने रिम वाकली असेल तर ती वाकलेली रिम नव्या कोऱ्या डांबरावरही हलणारच. म्हणजे ‘रस्ता खराब आहे’ हे वाक्य बरोबर असलं तरी त्याने तुमची जबाबदारी संपत नाही, उलट सुरू होते.

आणि रस्त्याची थरथर आणि चाकाची थरथर ओळखायला पदवी लागत नाही. रस्त्याची थरथर जागेला बांधलेली असते. मोडनिंबजवळ येते, पूल संपला की जाते, इंदापूरनंतर पुन्हा येते. चाकाची थरथर वेगाला बांधलेली असते. नव्वदला येते म्हणजे मोहोळलाही नव्वदला येते, भिगवणलाही नव्वदलाच, आणि उद्या विजापूरच्या रस्त्याला लागलात तरी नव्वदलाच. सिमेंटच्या रस्त्यावर साडेचार-साडेचार मीटरवर सांधे असले तर शंभरच्या वेगाला सेकंदाला सहा ठोके बसतात. चाकाचे ठोके चौदा. सहा आणि चौदा यांतला फरक सोलापूरच्या माणसाला कळत नाही, हे मी कसं मानू? या गावाने शंभर वर्षं दुसरं केलं काय?

इथे थोडं घरचं बोलतो. माझे वडील गिरणीत जॉबर होते. भोंगा झाला की जायचे, भोंग्याला यायचे. ज्यांना गिरणी माहीत नाही त्यांच्यासाठी: साळखात्यात मागांच्या रांगा असायच्या, प्रत्येक माग मिनिटाला दोनशेच्या आसपास धोटा इकडून तिकडे फेकायचा, आणि असे शेकडो माग एकाच छपराखाली. त्या गदारोळात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, खुणांनी बोलावं लागायचं. पण रांगेतला एक माग बिघडला की वडील वळून बघायचे. कसं कळलं विचारलं तर म्हणायचे, ‘पायाला कळतं.’ जमिनीतून. मग ते मागापाशी जाऊन पाना काढायचे नाहीत. आधी हात ठेवायचे. एका बाजूच्या फेकीला हादरतोय की दोन्ही बाजूंच्या? दर फेऱ्याला की एक सोडून एक? हे ठरेपर्यंत एक नटही सैल करायचा नाही, हा त्यांचा नियम. नवीन पोरगा येऊन चामडी पट्टा बदलू का विचारायचा, त्याला ते म्हणायचे, ‘बदलशील. मग पुढं काय बदलशील?’

हा प्रश्न मला साडेनऊ हजार घालवल्यावर आठवला.

तिसरे, अलाइनमेंटवाले. त्यांनी हा शब्द इतका पवित्र करून ठेवलाय की गाडीला ताप आला तरी अलाइनमेंट करतील. अलाइनमेंट म्हणजे चारही चाकं एकमेकांना आणि रस्त्याला धरून किती वळलेली, किती कललेली आहेत ते जुळवणं. ते चुकलं तर गाडी एका अंगाला ओढते, सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर एकाच कडेला घासतो. थरथर? सरळ नाही. महिनोन्‌महिने दुर्लक्ष केलं, टायर वेडावाकडा झिजला, तर त्या झिजेची थरथर येते. पण तेव्हा अलाइनमेंट करूनही झिजलेला टायर गोल होत नाही. बॅलन्सिंग ही वेगळीच गोष्ट आहे. चाक एकट्याने फिरवायचं, कुठल्या बाजूला जड आहे ते बघायचं आणि समोर वजन लावायचं. पण आपल्याकडे ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ असा एकच सामासिक शब्द झालाय, मीठ-मिरचीसारखा. पावतीवर एकत्र, बोलण्यात एकत्र, म्हणून डोक्यातही एकत्र.

बॅलन्सिंगही कसं उरकतात ते एकदा शेजारी उभं राहून बघा. जुनी वजनं न काढता त्यांवरच नवी ठोकायची. चाकाच्या आतली घाण न पुसता मशीनवर चढवायचं. पडद्यावर ऐंशी-नव्वद ग्रॅम दिसले तर ‘एवढं का येतंय?’ असं न विचारता तेवढं वजन मारून मोकळं व्हायचं. एका चाकाला नव्वद ग्रॅम लागतात तेव्हा चाक ओरडून सांगत असतं की रिम वाकलीय, किंवा टायर नीट बसला नाही, किंवा आत काहीतरी चिकटलंय. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवला तर कधी कधी तो आकडा निम्म्यावर येतो. पण त्याला वेळ लागतो आणि मागे चार गाड्या उभ्या असतात. मग चाक परत चढवताना नट क्रमाने गोल गोल आवळायचे, समोरासमोरचे नाहीत. म्हणजे मशीनवर शून्य झालेलं चाक हबवर पुन्हा तिरकं. वर आग्रह: ‘नायट्रोजन भरू का साहेब? गाडी मऊ चालते.’ अहो, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो! उरलेल्या बावीस टक्क्यांमुळे माझी गाडी थरथरत होती काय?

आता ‘सस्पेन्शन गेलं’वाले. यांच्यावर माझा सगळ्यांत जास्त राग आहे, कारण यांचं चुकणं सगळ्यांत महाग पडतं आणि चुकल्यावर ते कधी सापडत नाहीत. यांची पद्धत सोपी आहे. संशय आला की बदला. नाही गेली थरथर, तर पुढचा संशय. आठ पार्ट बदलल्यावर नववा बरोबर निघतो आणि मग म्हणतात, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ याला निदान म्हणतात का? लॉटरी लागलेल्याला आपण गणितज्ञ म्हणतो का?

गाडी स्वतः किती सांगत असते! स्टिअरिंग हातात हलतं तेव्हा बहुतेक वेळा पुढच्या चाकांकडे बघायचं. स्टिअरिंग शांत आणि सीट, जमीन, मागच्या माणसाच्या हातातली बाटली थरथरते, तेव्हा मागच्यांकडे. एरवी शांत आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग हादरतं, तर ब्रेकची डिस्क. तिच्या जाडीतला मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक हातापर्यंत पोचतो. रेस दिली की थरथर आणि पाय उचलला की बंद, तर एक्सलचा आतला जॉइंट किंवा इंजिनाचं माउंटिंग. रिकामा सरळ रस्ता बघून त्याच वेगाला गाडी क्षणभर न्यूट्रल करा (किल्लीला हात लावू नका, नाहीतर स्टिअरिंग जड होईल आणि ब्रेकला मिळणारा जोर जाईल). इंजिनाची गती खाली आली तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष सुटलं, चाकांना समन्स काढा. गुणगुण येते आणि वळणावर ती कमी-जास्त होते, तर बेअरिंग. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मधला शाफ्ट चाकाच्या चौपट फिरतो, म्हणून त्याची थरथर थरथर वाटतच नाही, तळपायाला झिणझिण्या आल्यासारखी वाटते. जाडी आणि बारीकपणा हाच पुरावा.

यातल्या एकाही तपासाला रुपया लागत नाही. लागतो तो अर्धा तास आणि रिकामा रस्ता. मग कोणी का करत नाही?

उत्तर अप्रिय आहे आणि त्यात गुन्हेगार फक्त गॅरेजवाला नाही. आपण गिऱ्हाईकही आहोत. पार्टला पैसे देताना आपल्याला काही वाटत नाही, कारण जुना पार्ट फडक्यात गुंडाळून आपल्या हातात ठेवतात. वजन असतं त्याला, ग्रीस लागलेलं असतं, घरी नेऊन गॅलरीत ठेवता येतो. पण मिस्त्रीने अर्धा तास गाडी चालवून, चाकं हलवून ‘मालक, काहीच बदलायचं नाही, फक्त मागचं चाक’ असं सांगून तीनशे रुपये मागितले की आपलं ठरलेलं वाक्य: ‘काय केलंस काय? नुसतं बघितलंस की!’ नुसतं बघितलं! पोटाची सोनोग्राफी करणाऱ्यालाही असंच म्हणतो का आपण? ‘नुसतं बघितलंत, काढलं तर काहीच नाही’?

ज्या बाजारात बघण्याला भाव नाही, तिथे बघणारी माणसं टिकत नाहीत. टिकतात बदलणारी. मिस्त्रीही शहाणा असतो. त्याला दोन वर्षांत कळतं की खरं निदान करून तीनशेवर भांडण ऐकण्यापेक्षा लिंक रॉड बदलून दोन हजारांवर ‘थँक्यू’ ऐकणं बरं. मग आपणच रडतो की आता पूर्वीसारखे मिस्त्री राहिले नाहीत. कोणी घालवले?

स्कॅनरवाल्यांना फार वेळ देत नाही. इंजिनाचा एखादा सिलिंडर नीट पेट घेत नसेल तर गाडी हलते आणि ते स्कॅनर सांगतो, हे मान्य. पण रिमला चिकटलेलं ढेकूळ, बाजूला आलेला फुगा, वाकलेली कड हे सांगणारा सेन्सर तुमच्या-माझ्या गाडीत नाही. चाकाजवळ सेन्सर असतो तो चाक किती वेगाने फिरतंय ते मोजतो. कसं फिरतंय ते नाही. माझ्या गाडीला स्कॅनर लावला होता. ‘नो फॉल्ट’ आलं. भाच्याच्या मामांनी त्याचा अर्थ लावला, ‘म्हणजे गाडीत काही नाही, तुम्हाला भास होतोय.’ पेशंटचं रक्त ठीक आहे, म्हणजे त्याचा पाय मोडला नाही!

राहिले ते ज्येष्ठ. ‘जुनी गाडी आहे, हलायचीच.’ कशावरून? वय हलवत नाही. झिजलेली, वाकलेली, सुटलेली, चिकटलेली वस्तू हलवते, आणि अशी वस्तू दाखवता येते, तिच्यावर बोट ठेवता येतं. नव्या गाडीचं वजन पहिल्याच आठवड्यात खड्ड्यात गळून पडलं तर ती नवी गाडीही थरथरेल. आणि चाकं नीट असतील तर पंधरा वर्षांची गाडीही शंभरला पाण्यासारखी जाईल. वयावर ढकललं की शोधावं लागत नाही, एवढाच त्या वाक्याचा उपयोग. आपण हे गाडीपुरतं करतो असंही नाही. आजीचा गुडघा दुखतो, ‘वय झालं’. पुलाचा कठडा सुटतो, ‘जुना आहे’. आणि दोन्हीकडे कोणी वाकून बघत नाही. ते ज्येष्ठ स्वतः एकोणऐंशीचे आहेत आणि अजिबात हलत नाहीत, हेही जाता जाता नोंदवतो.

तेव्हा सहाही जणांना माझं सांगणं एकच आहे. थरथर ही तक्रार नाही, जबानी आहे. किती वेगाला, कुठे, कशाने वाढते, कशाने थांबते, हे सगळं ती न मागता सांगते आणि आपण तिला गप्प करायला निघालोय. कोणी वेग कमी करून, कोणी रस्त्याला शिव्या देऊन, कोणी पार्ट बदलून. ज्याने या चार प्रश्नांपैकी एकही विचारला नाही त्याने माझ्या गाडीबद्दल तोंड उघडू नये, मग तो वर्कशॉपचा मॅनेजर असो की माझा सख्खा मेहुणा. आणि ज्याने विचारले त्याला विचारण्याचे पैसे मिळाले पाहिजेत, काही सापडो वा न सापडो.

मला विचारले ते अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडे जाताना एक पत्र्याचं गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रीने. बॉनेट उघडायच्या आधी त्याने विचारलं, ‘हातात हलतंय का बुडाखाली?’ मी थबकलो. तीन महिन्यांत मला हे कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. ‘बुडाखाली,’ मी म्हणालो. ‘कधीपासून?’ दिवाळीपासून. ‘त्याच्या आधी कुठं नेली होती?’ मंगळवेढ्याला, मावसभावाच्या रानात. जोंधळ्याची पेरणी होती, परतीच्या पावसाने वाट भिजलेली, गाडी बांधापर्यंत नेली होती. तो हसला. जॅक लावला, मागचं डावं चाक उतरवलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. रिमच्या आतल्या बाजूला मंगळवेढ्याची काळी माती, वाळून दगड झालेली, एका बाजूला पसरून बसलेली. बाहेरून तीनदा धुतलेल्या गाडीत, आत. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली तेव्हा ती खापरासारखी निघाली. मी ती कागदात बांधून घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: सत्तर ग्रॅम. शंभरच्या वेगाला नऊ-दहा किलोचा जोर. साडेनऊ हजार रुपये भागिले सत्तर ग्रॅम हा भाव मी बायकोला सांगितला नाही.

त्याने चारही चाकं आतून साफ केली, बॅलन्सिंगला पाठवली, नट समोरासमोरचे धरून आवळले आणि गाडी केगावच्या पुढे नेऊन आणली. पैसे विचारले तर म्हणाला, ‘बॅलन्सिंगचे द्या. बाकी काय, माती तर तुमचीच होती.’ मी पाचशे जास्तीचे ठेवले. तो घेईना. मग मी म्हणालो, पावती कर, पावतीवर घेशील ना? त्याने पावतीपुस्तक काढलं, पेन उघडलं आणि ‘तपशील’ या रकान्यापाशी थांबला. पार्ट नाही, ऑइल नाही, मजुरीत काय लिहावं त्याला सुचेना. बराच वेळ माझ्याकडे आणि पुस्तकाकडे बघितल्यावर त्याने लिहिलं, ‘चाक बघितले’.

पावती माझ्या गाडीच्या कागदपत्रांत आहे, आरसीच्या मागे.